नव्या फोर-स्ट्रोक डर्ट बाइकचे पहिले तास

नवी गाडी ताब्यात घेताना शोरूममध्ये एक सल्ला हमखास मिळतो : पहिले ५०० किलोमीटर गाडी ४०च्या वर नेऊ नका. बाजारहाट करणाऱ्या स्कूटरच्या बाबतीत हा सल्ला चालून जातो, कारण तिचा मालक तसाही तिला फारसे पिळत नाही. परंतु चढउतार, दगडगोटे आणि सैल माती यांच्यासाठीच घडवलेल्या फोर-स्ट्रोक डर्ट बाइकला तोच सल्ला शब्दशः लावला, तर इंजिन नीट सेट न होता कायमचे अर्धवट राहण्याचा धोका असतो. गेल्या दसऱ्याच्या सुमारास आमच्या घरी २५० सीसीची वॉटर-कूल्ड डर्ट बाइक आली आणि गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या एका खासगी सड्यावर (जांभ्याच्या सपाट पठारावर) मी तिचे रनिंग-इन केले, म्हणजे नवे इंजिन सेट होईपर्यंत ती ठरावीक रीतीने चालवली. त्या निमित्ताने जे वाचले, विचारले आणि स्वतःच्या हाताने केले ते येथे सविस्तर मांडत आहे, कारण या विषयावर मराठीत नीट लिहिलेले मला फारसे आढळले नाही.

रनिंग-इनचा मुख्य हेतू पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर चोख बसवणे हा आहे. बाकीच्या गोष्टी त्यानंतर येतात. नव्या सिलिंडरची आतली भिंत पूर्ण गुळगुळीत नसते. होनिंग करताना, म्हणजे भिंत शेवटची घासून घेताना, तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या, तिरप्या आणि अतिशय बारीक रेघा मुद्दाम ओढलेल्या असतात. त्या रेघांच्या खाचांत तेल टिकून राहते, तर त्यांचे सूक्ष्म उंचवटे आणि रिंगची कड एकमेकांवर घासून दोन्ही पृष्ठभाग जुळतात. आता रिंगचा स्वतःचा ताण तसा बेताचाच असतो. तिला भिंतीवर खरा दाब देतो तो जळत्या मिश्रणाचा वायू. हा वायू पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधल्या फटीतून खाली उतरतो, रिंगच्या खोबणीत शिरतो आणि तिला मागून भिंतीकडे रेटतो. थ्रॉटल जेमतेम उघडून गाडी तासन्‌तास रमतगमत चालवली, तर मुळात दाबच कमी तयार होतो, रिंग भिंतीवरून हलकेच सरकत राहते, भिंतीवर उरलेले तेल भाजून त्याचा चकचकीत थर खाचांत बसतो आणि एकदा हा थर बसला की पुढे गाडी कितीही चालवली तरी रिंग बसत नाही. अशी गाडी मग तेल पिते, सायलेन्सरमधून निळसर धूर सोडते आणि चढावर दम टाकते. मालक मात्र आपण किती जपून चालवली हेच सांगत राहतो.

दुसऱ्या टोकाला जाऊन पहिल्याच सकाळी थ्रॉटल पूर्ण पिळणारेही आहेत, आणि इंटरनेटवर त्या पद्धतीचे समर्थन करणारे पुष्कळ आहेत. त्यांचे अर्धे म्हणणे, म्हणजे रिंग बसायला भार हवा हे, बरोबर आहे. राहिलेल्या अर्ध्या भागात ते उष्णता विसरतात. ॲल्युमिनियमचा पिस्टन सिलिंडरपेक्षा लवकर तापतो आणि फुगतो. दोघांमधली फट मुळातच मिलीमीटरच्या शंभराव्या भागांत मोजण्याइतकी असते. त्यात नव्या पृष्ठभागांचे उंचवटे अजून झिजलेले नसल्यामुळे घर्षणाची उष्णता नेहमीपेक्षा जास्त निर्माण होते. अशा स्थितीत सलग पूर्ण थ्रॉटल दिला तर पिस्टनच्या बाजूंवर उभे ओरखडे पडतात, आणि नशीब वाईट असेल तर इंजिन तेथेच जाम होते.

डिचोलीतील एका जुन्या मेकॅनिकने हे सारे एका वाक्यात सांगितले होते : ‘‘गाडी हळू चालवा असे मी कुणाला सांगत नाही हो, एकसारखी चालवू नका एवढेच सांगतो.’’ माझ्या मते या विषयातला सर्वांत उपयुक्त सल्ला हाच आहे. भार द्यावा, पण थोडा वेळ. मग थ्रॉटल सोडावा. पुन्हा भार द्यावा. आणि मग इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे.

सिलिंडर कशाचा आहे यावरही बरेच अवलंबून असते. जुन्या एअर-कूल्ड गाड्यांमध्ये बिडाचा लायनर (सिलिंडरच्या आत बसवलेले नळकांडे) असे आणि त्याला सेट व्हायला वेळ लागे. आजच्या बहुतेक मोटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरील शर्यत) जातीच्या इंजिनांत ॲल्युमिनियमच्या सिलिंडरवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा अत्यंत कठीण लेप दिलेला असतो. निकासिल या नावाने प्रसिद्ध असलेला हा लेप जर्मनीच्या माले कंपनीने १९६७ मध्ये आणला. लेपाची भिंत फारशी झिजत नसल्यामुळे जुळवून घेण्याचे काम प्रामुख्याने रिंगलाच करावे लागते आणि ते पहिल्या काही तासांतच उरकते. म्हणूनच अशा गाडीचे रनिंग-इन किलोमीटरवर न मोजता तासांवर मोजतात, आणि म्हणूनच पहिल्या तासांत झालेला निष्काळजीपणा नंतर भरून काढता येत नाही.

आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांचा अनुभव टू-स्ट्रोकचा आहे. भारतात १९८५ ते १९९६ या काळात तयार झालेली यामाहा आरएक्स १०० ज्यांनी नवी असताना चालवली, ते आजही सांगतात की पेट्रोलमध्ये टू-टी तेल थोडे जास्त टाकायचे आणि गाडी जपून न्यायची. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला वंगण देणारे तेल पेट्रोलबरोबर जळून धुरावाटे निघून जाते आणि झिजेचा बारीक कचरा बराचसा त्याच्याबरोबर जातो. फोर-स्ट्रोकमध्ये तेच तेल पुन्हा पुन्हा फिरते. रिंगांची, कॅमशाफ्टची, गिअरच्या दातांची आणि क्लच प्लेटांची झीज, असा सगळा पहिला कचरा त्याच तेलात साचतो, आणि अनेक २५० सीसी गाड्यांत ते तेल असते जेमतेम एक लिटरच्या आसपास. मोटोक्रॉसमध्ये फोर-स्ट्रोकचे पुनरागमन तसे अलीकडचे आहे : अमेरिकन रेसर डग हेन्री याने १९९७ मध्ये लास वेगासची सुपरक्रॉस शर्यत यामाहाच्या प्रायोगिक फोर-स्ट्रोकवर जिंकली आणि १९९८ मध्ये वायझेड४००एफ ही गाडी बाजारात आली. त्यामुळे टू-स्ट्रोकच्या काळातले सल्ले अजून लोकांच्या तोंडी आहेत, यात नवल नाही. परंतु रनिंग-इनमध्ये तेल लवकर बदलणे हे टू-स्ट्रोकपेक्षा फोर-स्ट्रोकमध्ये कितीतरी अधिक महत्त्वाचे आहे, हा फरक मनात पक्का हवा.

जागा आणि ऋतू यांचा विचार गोव्यात वेगळा करावा लागतो. माझ्या मते दसरा ते नरकचतुर्दशी हा आपल्याकडे रनिंग-इनचा उत्तम काळ आहे, कारण पाऊस ओसरलेला असतो, जमीन घट्ट असते आणि धूळ अजून उठू लागलेली नसते. जानेवारीनंतर जांभ्या दगडाची तांबडी धूळ एवढी बारीक होते की ती हवेत बराच वेळ तरंगत राहते; खाणपट्ट्यात तर तिच्यात लोहखनिजाची पूडही मिसळलेली असते, आणि सिलिंडरच्या आत गेलेल्या अशा कणाइतकी घातक गोष्ट नव्या रिंगेला दुसरी नाही. जागा म्हणून मला सडाच सर्वांत योग्य वाटतो : माथ्यावर सपाटी, वाऱ्याचा मारा, आणि कडेला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चढता येईल असा उतार. मात्र सडा मोकळा दिसला म्हणून तो कुणाचा नाही असे समजू नये. बरीच जमीन कोमुनिदादची (गावाच्या सामुदायिक जमीन-संस्थेची) असते, काही खाजगी बागायतीत मोडते, आणि परवानगी विचारल्याशिवाय गाडी उतरवणे योग्य नाही. खाणींच्या बंद पडलेल्या लीजवर किंवा म्हादई आणि भगवान महावीर या अभयारण्यांच्या हद्दीत तर पाऊलच टाकू नये. नंबर प्लेट नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर थोड्या अंतरासाठीही नेता येत नाही. ती पिकअपमध्ये बांधूनच न्यावी लागते.

समुद्रकिनाऱ्याचा मोह अनेकांना होतो. किनाऱ्यावर वाहन नेण्यास गोव्यात बंदी आहे, हे कारण पुरेसे आहेच. पण इंजिनाच्या दृष्टीनेही वाळू रनिंग-इनला वाईट. मऊ वाळूत चाक रुतत राहते, इंजिनावर सततचा जड भार पडतो, वेग कमी असल्यामुळे रेडिएटरला वारा मिळत नाही, आणि वर खारी हवा चेनपासून स्पोकपर्यंत सगळे गंजवते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. सुरू करण्यापूर्वी तेलाची आणि कूलंटची पातळी, चेनचा ताण, स्पोक, हँडलचे आणि इंजिनाच्या माऊंटिंगचे बोल्ट हे सर्व मॅन्युअल उघडून पाहावे; कारखान्यातून आलेली गाडी आहे म्हणून गृहीत धरू नये. पण मी सर्वांत जास्त वेळ एअर फिल्टरवर घालवला. डर्ट बाइकचा फिल्टर फोमचा असतो आणि त्याला चिकट फिल्टर ऑइल लावावे लागते. नव्या गाडीत ते पुरेसे लावलेले असेलच असे नाही. फोम हातात घेऊन, तेल सर्वत्र सारखे पोहोचेपर्यंत हलके दाबत राहायचे, पिळायचे नाही, कारण पिळल्याने शिवण उसवते. मग त्याच्या कडेला ग्रीसचा पातळ थर देऊन तो बसवायचा. पहिली फेरी झाल्यावर फिल्टर काढून, फिल्टर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी नळीत पांढऱ्या सुती फडक्याने बोट फिरवून पाहिले, तेव्हा खालच्या बाजूला केसाएवढी तांबूस रेघ फडक्यावर उमटली. बाकी सगळी नळी स्वच्छ होती. फिल्टरची कड तेवढ्याच ठिकाणी बैठकीवर नीट टेकली नव्हती. ती सरळ करून, ग्रीस पुन्हा लावून बसवल्यावर पुढच्या प्रत्येक वेळी फडके स्वच्छ आले. हे फडके फिरवण्याचे काम दोन मिनिटांचे आहे आणि ते प्रत्येक फेरीनंतर करावे असे मी आग्रहाने सांगेन.

पेट्रोलबद्दल थोडे. सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सर्वसाधारणपणे २० टक्के इथेनॉल असते, तर परदेशी बनावटीच्या अनेक डर्ट बाइकच्या मॅन्युअलांत १० टक्क्यांची मर्यादा दिलेली असते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असल्यामुळे तेवढ्याच पेट्रोलला मिश्रण पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. ज्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर नाही, मग ती कार्ब्युरेटरची असो वा साध्या इंजेक्शनची, ती हा फरक स्वतः भरून काढू शकत नाही आणि इंजिन अधिक तापते. रनिंग-इनच्या काळात नको असते ती नेमकी हीच उष्णता. जेटिंग (कार्ब्युरेटरची इंधन-मापे) किंवा मॅपिंग (इंजेक्शनची इंधन-मापे) जाणकाराकडून तपासून घेणे हा त्यावरचा उपाय. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी शोषते, आणि गोव्याच्या दमट हवेत अर्धवट भरलेल्या टाकीत पेट्रोल आठवडेच्या आठवडे ठेवणे म्हणजे त्रासाला निमंत्रण आहे.

इंजिन सुरू केल्यावर ते तीन-चार मिनिटे आयडलवर राहू द्यावे, रेडिएटरची दोन्ही अंगे हाताला कोमट लागली की निघावे. उभ्या उभ्या रेस देत बसू नये. त्याचप्रमाणे, इंजिन ‘गरम करण्यासाठी’ पंधरा-वीस मिनिटे आयडलवर सोडणेही चुकीचे आहे : भार नसल्याने रिंगेवर दाब येत नाही, आणि बहुतेक मोटोक्रॉस गाड्यांना पंखा नसल्यामुळे वारा न मिळाल्याने कूलंट उकळू लागते.

पहिली फेरी दहा ते पंधरा मिनिटांची. खालचे गिअर, थ्रॉटल अर्ध्यापर्यंत, आणि इंजिनाचे फेरे (आरपीएम) सतत बदलते. सड्याच्या कडेच्या उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये स्थिर ओढीने चढायचे आणि थ्रॉटल पूर्ण सोडून, क्लच न दाबता, त्याच गिअरमध्ये खाली उतरायचे, ही माझी मुख्य कसरत होती. चढताना वायूचा दाब रिंगेला भिंतीवर दाबतो. उतरताना थ्रॉटल बंद असल्यामुळे सिलिंडरमध्ये निर्वात निर्माण होतो, तो थोडे तेल वर ओढतो, आणि त्या तेलाने भिंत गार होते व झिजेचे कण धुतले जातात. वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर इंजिनाला धडधडत ओढायला लावणे हे जास्त आरपीएमइतकेच टाळायला हवे.

त्यानंतर थांबायचे आणि खरोखर थांबायचे. सिलिंडरच्या अंगावर तळहात निवांत ठेवता येईल इतके थंड होईपर्यंत पुन्हा सुरू करायचे नाही. दसऱ्यानंतरच्या दमट उन्हात, काजूच्या झाडाच्या सावलीतही, याला पाऊण तास ते एक तास सहज लागतो. या वेळात बोल्ट, स्पोक आणि गळती पाहून घ्यावी. कूलंटची टोपी मात्र थंड झाल्याशिवाय उघडू नये. या तापण्या-निवण्यात प्रत्येक भाग आपापल्या जागी बसतो, गॅस्केट दबते आणि सैल व्हायचे ते बोल्ट सैल होऊन लक्षात येतात. घाईत असलेला माणूस नेमका हाच भाग गाळतो.

दुसरी फेरी पंधरा-वीस मिनिटांची, थ्रॉटल पाऊणपर्यंत. तिसऱ्या फेरीत, रेडिएटर पुरेसा गरम झाल्याची खात्री करून, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलचे चार-पाच सेकंदांचे झटके, आणि प्रत्येक झटक्यानंतर थ्रॉटल सोडून तेवढीच किंवा जास्त विश्रांती. या इंजिनांची झेप १३,००० आरपीएमच्या पलीकडे जाते. पण तेथपर्यंत जाण्याची घाई या टप्प्यात करू नये. कंपन्यांच्या मॅन्युअलांत वेळा आणि मर्यादा वेगवेगळ्या दिलेल्या असतात. आपल्या गाडीच्या मॅन्युअलात आकडा असेल तर तोच पाळावा. मी वर दिलेली वाटणी त्या आकड्यांच्या आत राहून कशी चालवायची एवढेच सांगते.

तिसऱ्या फेरीनंतर तेल गरम असतानाच काढले. त्यासाठी पांढऱ्या प्लास्टिकचे पसरट भांडे वापरले, आणि हा छोटा तपशील महत्त्वाचा आहे, कारण काळ्या भांड्यात काहीच दिसत नाही. तेल उन्हात धरून भांडे हळू तिरपे केले की त्याच्या आत रुपेरी, जरीच्या चुऱ्यासारखी झाक सरकताना दिसते. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लगदा जमला होता. बोटांच्या चिमटीत तो चोळला, तेव्हा त्यात कण असे लागले नाहीत. असाच लगदा निघणे ठीक असते. नखाने उचलता येईल असा कीस, पापुद्रा किंवा तुकडा निघाला असता, तर गाडी पुढे चालवण्याऐवजी थेट डीलरकडे नेली असती. तेलाचा फिल्टर त्याच वेळी बदलावा. नुसते तेल बदलून जुना फिल्टर ठेवण्यात काही अर्थ नाही. काढलेले तेल बाटलीत भरून गॅरेजकडे द्यावे, सड्यावर ओतू नये, कारण जांभ्यातून झिरपलेले पाणी पायथ्याच्या झऱ्यांत आणि विहिरींत उतरते.

नवे तेल मॅन्युअलात दिलेल्या ग्रेडचे, आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (तेलातल्या क्लचसाठी योग्य तेलाचे जपानी मानक) लिहिलेलेच घ्यावे. डर्ट बाइकचा क्लच तेलात बुडालेला असतो. मोटारीच्या तेलात घर्षण कमी करणारी रसायने असतात आणि त्यांनी क्लच घसरू लागतो. खनिज तेल की सिंथेटिक हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. कंपनीने जे सांगितले आहे ते, आणि वेळेवर बदललेले, हे पुरेसे आहे.

टॅपेटकडे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो उघडणारा भाग यांच्यातल्या बारीक फटीकडे, मात्र फार लोक दुर्लक्ष करतात. पहिल्या काही तासांत व्हॉल्व्ह आपल्या सीटवर बसतात आणि त्यामुळे टॅपेटची फट बदलते. अशा इंजिनांत ही फट वाढण्यापेक्षा कमी होण्याकडे कल असतो, म्हणून कानाला आवाज काहीच येत नाही. आवाज नाही म्हणजे सर्व ठीक, असा समज येथे घात करतो. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, गरम असताना गाडी सुरू व्हायला त्रास देते, आणि तसेच चालवल्यास व्हॉल्व्ह जळतो. पहिले तेल बदलल्यानंतर मॅन्युअलात दिलेल्या तासांवर, इंजिन पूर्ण थंड असताना, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) प्रत्येक व्हॉल्व्हचे माप घेऊन ते तारखेसह लिहून ठेवावे. पुढच्या वेळी आकड्यांची तुलना करता आली तर शिम (ही फट ठरवणारी छोटी चकती) कधी बदलायची हे आधीच कळते.

ज्यांच्याकडे हिरो एक्सपल्स २०० ४व्ही सारखी रस्त्यावर नोंदणी होणारी गाडी आहे, त्यांनी पहिल्या सर्व्हिसपर्यंत सर्व्हिस पुस्तिकेतली मर्यादा पाळावी आणि वॉरंटी सांभाळावी. तरीही वेग सतत बदलता ठेवण्याचे तत्त्व त्यांनाही लागू आहे. पत्रादेवीपासून काणकोणपर्यंतचा महामार्ग एकाच वेगाने कापण्यापेक्षा साखळी, वाळपई आणि चोर्ला घाटाचा पायथा असा चढउताराचा रस्ता नव्या इंजिनाला अधिक मानवतो.

शेवटी, रिंग बसली की नाही हे कसे ओळखायचे? तेलाची पातळी दोन फेऱ्यांमध्ये घटत नाही, प्लगचे टोक कोरडे आणि फिकट तपकिरी निघते, आणि चढावर ओढ पहिल्या दिवसापेक्षा स्पष्टपणे वाढलेली असते. याउलट पातळी सतत खाली जात असेल आणि थ्रॉटल सोडून पुन्हा उघडताना निळा धूर येत असेल, तर आणखी चालवून ते बरे होणार नाही. सिलिंडर उघडून पाहावा लागेल. अशा वेळी एखाद्या लेथवाल्याने ‘बोअर मारून देतो’ म्हटले तर आधी सिलिंडर लेपाचा आहे का हे तपासावे. बिडाचा लायनर बोअर करून मोठा पिस्टन बसवता येतो. लेपाच्या सिलिंडरला बोअर मारला तर लेपच निघून जातो, आणि मग तो पुन्हा लेप देऊन घ्यावा लागतो किंवा नवा सिलिंडर मागवावा लागतो.